आतली दोन चाकं

आईसाहेब पूजेचं ताट घेऊन दारात आल्या तेव्हा माझ्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या पुढ्यात, मोटरसायकल पोट उघडून उभी होती. मी तिच्यासमोर पाटावर बसून मोबाइलवर एका गोऱ्या मेकॅनिकचं तेच ते बोलणं पुन्हा ऐकत होते.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

घटस्फोट झालेल्या सुनेच्या घरी सासूनं कसं यावं, याचा काही प्रघात तेव्हा कोल्हापुरात नव्हता. आईसाहेबांनी तो स्वतःच पाडला होता. सणावाराला यायचं, 'मी काय बसणार नाही' म्हणायचं आणि जेवून जायचं.

"या की. फक्त त्या नटांवर पाय देऊ नका."

"आज खंडेनवमी. गाडीची पूजा तेवढी करते आणि जाते. दरवर्षी मीच करते, यंदा चुकायला नको."

गाडी त्यांच्या घरी होती तोवर तिचे झेंडूचे हार, नारळ, लिंबू, सगळं त्याच करत. ती लाल इटालियन गाडी धैर्यशीलची. धैर्यशील इंगवले म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा माजी नवरा. घटस्फोटाचे जे थोडे फायदे झाले, त्यातला एक म्हणजे त्याला मला 'अहो'वरून एकेरीवर आणता आलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तडजोडीच्या बैठकीत मी पोटगी मागितली नाही, दागिने मागितले नाहीत; फ्लॅट माझ्या नावावर होताच. मी मोटरसायकल मागितली. मला मोटरसायकली आवडत नव्हत्या. मला ती त्याच्याकडे असणं आवडत नव्हतं.

धैर्यशील आधी पांढरा पडला, मग हसला. त्याचे वकील बाबर त्याच्याच रायडर्स क्लबातले, त्याच जातीच्या गाडीचे मालक. दोघं बाहेर जाऊन बोलून आले आणि बाबरांनी अट सांगितली: गाडी पद्मजावहिनींनी खुशाल न्यावी, पण येत्या दसऱ्याच्या सकाळी ती स्वतःच्या इंजिनावर चालू झाली नाही, तर साहेब ती परत नेतील. वर म्हणाले, "सडवायला कशाला न्यायची, काय वहिनी?" आणि खोलीतले सगळे हसले. माझी वकीलसुद्धा. मी सही केली.

अटीतली मेख अशी. या जातीच्या इंजिनात साखळी नसते, दोन दातेरी रबरी बेल्ट असतात. वरचे व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि खालचा पिस्टन कधी वर यायचा, याचं वेळापत्रक त्या बेल्टवर चालतं. बेल्ट तुटला, किंवा बसवताना दातांचा हिशेब चुकला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच वेळी एकाच जागी येतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. दर दोन वर्षांनी बेल्ट बदलावे लागतात, आणि ते वर्ष बदलायचं होतं; मुदत संपलेल्या बेल्टवर बटण दाबणं म्हणजे जुगार. कोल्हापुरात अशा गाड्या मोजक्या आणि त्यांच्या बेल्टचा अधिकारी पुरुष एकच. धैर्यशील स्वतःच्या गाडीचे बेल्ट स्वतः बदलायचा, बाबरांचेही बदलून द्यायचा, आणि क्लबात त्यावर व्याख्यान द्यायचा. दोन वर्षांतून एकदा तो गॅरेजचं शटर ओढून दोन दिवस आत बसे. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. उद्यमनगरातल्या ज्या दोघा मेकॅनिकांकडे मी गेले, ते म्हणाले, "वहिनी, साहेबांनाच सांगा की. त्यांच्यासारखा हात न्हाई कुणाचा."

म्हणून मग मी नवे बेल्ट मागवले, मॅन्युअल वाचलं आणि सुट्टी बघून खंडेनवमीच्या दिवशी गाडी उघडली. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. बाकी सगळं स्थिर आहे असं धरून एकच गोष्ट हलवायची, हे आमच्या शास्त्राचं मुख्य तंत्र. बेल्ट बदलताना नेमकं हेच करायचं असतं. फरक इतकाच, की अर्थशास्त्रात बाकीचं हललं तरी आवाज येत नाही.

आईसाहेब आल्या तेव्हा जुने बेल्ट काढून झाले होते. काढण्यापूर्वी मी सगळ्या पुलींवर लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले होते, म्हणजे कोणतं चाक कुठं होतं ते चुकू नये. घरात पक्का रंग तेवढाच होता. आता पुली जागच्या हलू न देता नवे बेल्ट चढवायचे, एवढंच उरलं होतं. म्हटलं, आधी चहा टाकावा. आत जाऊन आलं किसलं, दूध उतू जाऊ दिलं नाही, आणि कप घेऊन बाहेर आले.

पूजा आटोपली होती. हँडलला हार होता. चाकांना कुंकू होतं. माझा पाट मधोमध ओढून त्यावर पाने, पक्कड, ॲलन कीचा जुडगा ओळीनं मांडला होता आणि प्रत्येकावर झेंडूची पाकळी होती. आणि इंजिनाच्या उघड्या पोटात, प्रत्येक पुलीवर, कुंकवाची पाच बोटं उमटली होती. लालावर लाल. माझे ठिपके त्यात कुठे गेले ते देवालाच माहीत, आणि देवाच्या नावानंच ते झालं होतं.

मी खाली वाकून बघितलं. वरच्या पुलीचं एक भोक मी आत गेले तेव्हा आकाशाकडे होतं. आता ते जमिनीकडे बघत होतं.

"आईसाहेब, ही आतली चाकं फिरवलीत का?"

"फिरवली की. उलटी, पाच वेळा. हलक्या हातानं हं." त्यांनी कप घेतला. "धैर्यशीलनं सांगितलं होतं. बाहेरची दोन फिरवतेस तशी आतली दोन उघडी असतील तर तीही फिरव म्हणाला. शास्त्र आहे तसं."

"आणि कुंकू?"

"तेही भरपूर लाव म्हणाला. काही ठिपकेबिपके दिसले तर झाकून टाक, पूजेत डाग दिसू नये." चहा फुंकता फुंकता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का गं? चुकलं काय?"

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. वर्गात मागच्या बाकाला समजावून सांगतात तसं सांगितलं: ही चाकं हलू द्यायची नसतात, हे ठिपके त्यासाठीच होते, आणि या अवस्थेत बेल्ट चढवून उद्या बटण दाबलं असतं तर पहिल्याच फेऱ्यात इंजिन फुटलं असतं. मग गाडी परत त्यांच्या गॅरेजमध्ये.  आईसाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांचा हात ताटाकडे गेला, कुंकवाच्या करंड्याचं झाकण त्यांनी लावलं आणि पुन्हा काढलं.

"माझ्या हातनं करवलं त्यानं," त्या म्हणाल्या. "पूजेत."

"त्याला वाटलं, यानं संपेल. पण संपलेलं नाही." मी फडक्यानं एक पुली पुसली आणि त्यांना दाखवली. "ही बारीक खाच बघा. कारखान्यातच कोरलेली असते. ही खाच इंजिनावरच्या त्या रेघेसमोर आणली की झालं. माझे ठिपके गेले तरी काही बिघडत नाही. हे काम ज्यानं एकदा तरी केलंय त्याला हे माहीत असतं."

"मग त्याला कसं माहीत नाही?"

 खरं म्हणजे सकाळी पहिलं कव्हर काढलं तेव्हापासून मी त्याच प्रश्नापाशी बसले होते. उठून कोपऱ्यातले जुने बेल्ट आणले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांच्या पाठीवर इटालियन अक्षरं होती, आणि साल होतं. गाडी आमच्या दारात आली त्याच्या आदल्या वर्षाचं. कडेनं धागे सुटले होते, वाकवलं की भेगा उघडत होत्या. ताण देणाऱ्या बोल्टांवर कारखान्यानं दिलेला पिवळा रंग जसाच्या तसा होता. त्या बोल्टांना माझ्याआधी कुणाचा पाना लागलाच नव्हता.

"पण तो तर दोन-दोन दिवस आत..." आईसाहेब थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी मागच्या दारानं चहा घेऊन जायचे. कॉटवर झोपलेला असायचा. मला वाटायचं, दमला असेल."

"घोरत?"

"घोरत."

त्या दोन-दोन दिवसांतल्या एका दिवसाबद्दल सांगावं लागेल. त्या दिवशी माझे वडील मिरजेच्या दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी माणसं बोलवा म्हणून सांगितलं होतं. मी शटर वाजवलं. आतून धैर्यशील म्हणाला, इंजिन उघडं आहे, आता सोडलं तर गेलं, तू हो पुढं. मी एसटीनं गेले. वडिलांनी विचारलं, जावईबापू? मी म्हणाले, इंजिन उघडं आहे. त्यांना ते कळेना, म्हणून मी त्यांना समजावून सांगितलं, की असं असं असतं, दोन बेल्ट असतात, मधेच सोडता येत नाही. वडिलांना आयुष्यात शेवटचं जे मी समजावलं ते हे. त्यांनी मान हलवली. काम महत्त्वाचं, म्हणाले. पुढे दहाव्याला नातेवाइकांनी नावं ठेवली तेव्हाही मी प्रत्येकाला बेल्ट समजावून सांगितले. माझं सगळं माहेर त्या विषयात तयार झालं होतं.

हे सगळं आईसाहेबांना माहीत होतं. त्याच दिवशी त्यांनी मला एसटी स्टँडवर सोडायला रिक्षा बोलावून दिली होती.

आता त्या उठल्या, पाटाजवळ गेल्या, एका पान्यावरची पाकळी त्यांनी बाजूला केली आणि पाना माझ्यापुढं धरला.

"पूजलेलं हत्यार ना," मी म्हणाले. "उद्या सीमोल्लंघन झाल्याशिवाय..."

"देवाला फसवून केलेली पूजा देवाला पोचत नाही. धर."

मी पुली पुसून घेतल्या. एकेक खाच एकेका रेघेसमोर आणली. दोन्ही बेल्ट फिरवणारी खालची आधी, मग ती दोन, वरची आणि पुढची. आईसाहेब टॉर्च धरून सांगायच्या, "किंचित इकडं. गेलं पुढं. हां, आता." नवे बेल्ट ताठ असतात, चढताना बोटांची सालं काढतात, माझी काढली. चढले एकदाचे.

राहिला ताण. बेल्ट तानपुऱ्याच्या तारेसारखा छेडायचा आणि मोबाइलमधलं ॲप त्याचा सूर बरोबर आहे का ते सांगतं, अशी त्याची रीत. पण चौकातल्या मंडळानं नवव्या दिवसाचा स्पीकर लावला होता, आणि माझं ॲप बेल्टऐवजी देवीच्या आरतीचा ताण मोजत होतं. शेवटी मी ॲपला हवा तो सूर नुसता वाजवायला लावला आणि मोबाइल आईसाहेबांच्या कानाला लावला. त्या भजनी मंडळात पेटी वाजवत. त्यांनी डोळे मिटले, तो खर्ज घशात धरला आणि हातानं मला खूण केली. मी बेल्ट छेडला. त्यांनी मान हलवली. बोल्ट जरा आवळला, पुन्हा छेडला. दोन घटस्फोटित बायका इंजिनापुढं बसून एकच स्वर लावताहेत असं खिडकीतून कुणाला वाटलं असतं. खरं म्हणजे घटस्फोटित मी एकटीच होते. पण त्या दुपारी आईसाहेबही काहीतरी मोडून बसल्या होत्या.

"जमलं," त्या म्हणाल्या. दुसराही जमला.

मी इंजिन हातानं पुरं फिरवून बघितलं. कुठं अडत नव्हतं. खाचा पुन्हा रेघांसमोर येऊन थांबल्या. कव्हरं लावत होते तेवढ्यात आईसाहेबांच्या पिशवीत फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि माझ्याकडे बघत फोन उचलला.

"हां, केली पूजा. तू सांगितलीस तशी. अरे, सगळं उघडून टाकलंय, हॉलभर पसरलंय. काय जमत नाही तिला. रडकुंडीला आलीय." त्या जरा थांबल्या. "हो. टेम्पो सांगून ठेव. आणि एकटा येऊ नको, चार माणसं घेऊन ये. जड आहे."

फोन ठेवून त्यांनी पदरानं स्क्रीन पुसला. माझ्या अख्ख्या संसारात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. चांगलं जमत होतं त्यांना.

"एकदा चालू करून बघ की," त्या म्हणाल्या.

"नको. उद्या. त्यांच्यासमोर."

"आणि नाही झाली तर?"

"टेम्पो आलेलाच असेल."

दसऱ्याच्या सकाळी टेम्पो आला. हार घातलेला, काचेवर आपट्याची पानं अडकवलेली. ड्रायव्हरशेजारी आईसाहेब बसल्या होत्या. गाडी आणायला मीही येते, म्हणाल्या होत्या म्हणे. मागून क्लबाच्या सात-आठ गाड्या. पन्हाळ्याला दसऱ्याची राइड निघायची होती, आणि वाटेत ही एक गाडी उचलून गॅरेजला टाकायची, असा बेत. बाबर वकील आपल्या लाल गाडीवर होते, इंजिन चालू ठेवून. धैर्यशील त्यांच्या मागच्या सीटवरून उतरला. त्याची गाडी माझ्याकडे, म्हणून तो बिनगाडीचाच आला होता.

मोटरसायकल मी पार्किंगमध्ये आणून तिच्यावर चादर टाकली होती.

"वाईट वाटून घेऊ नकोस," धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज व्याख्यानाचा होता. "हे काम पुस्तक वाचून होत नाही. पंधरा-वीस वर्षं हात काळे करावे लागतात."

मी चादर काढली, किल्ली फिरवली आणि बटण दाबलं. स्टार्टर घरघरला आणि थांबला. मागून कुणीतरी हसलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर. धैर्यशीलनं टेम्पोवाल्याला फळी काढायची खूण केली. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि गाडी चालू झाली. ते इंजिन सुरू होतं तेव्हा पार्किंगच्या पत्र्यांना कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

मी ते तसंच चालू ठेवलं. घाई नव्हती.

"कुणाकडून करून घेतलंस?" धैर्यशीलनं विचारलं.

"घरीच केलं."

त्यानं आईसाहेबांकडे बघितलं. त्या टेम्पोतून उतरून पदर नीट करत होत्या.

"मी पूजा केली होती की रे," त्या म्हणाल्या. "पाच वेळा, उलटी. सगळे ठिपके झाकून. बोल की, शास्त्राप्रमाणंच ना?"

पूजेचा आणि ठिपक्यांचा काय संबंध ते क्लबातल्या कुणाला कळलं नाही, पण धैर्यशीलचे कान लाल झालेले सगळ्यांनी बघितले. तो म्हणाला, "चालू झाली, ठीक आहे. चालवणार कोण?"

"शिकेन. बेल्टही येत नव्हते."

बाबर पुढं आले. वकील माणूस, वारं कुठलं आहे ते त्यांना लवकर कळतं. कमाल केलीत वहिनी, आम्ही उगाच अट घातली, वगैरे म्हणाले आणि कव्हरवरून हात फिरवत विचारलं, की जुने निघाले ते कसे होते? धैर्यशीलनं दोनच वर्षांपूर्वी घातलेले, म्हणजे तसे बरे असतील.

"बघा ना," म्हणून मी वर्तमानपत्रातली पुडी त्यांच्या हातात दिली.

बाबरांनी चष्मा कपाळावर सरकवला. बारीक अक्षर वाचायची त्यांना सवयच. त्यांनी बेल्ट उलटा केला, सुलटा केला, वाकवला. भेगा उघडल्या. मग त्यांनी ते साल मोठ्यानं वाचलं. मागचे दोघं गाडीवरून उतरून जवळ आले.

"धैर्यशील," बाबर म्हणाले, "तू दोन्ही गाड्यांचं काम एकदमच केलंस ना? हिचं आणि माझ्या गाडीचं. मी अंबाबाईचे पेढे आणले होते तुला."

"ते साल साच्याचं असतं," धैर्यशील म्हणाला. "बेल्टचं नसतं."

"बोल्टांचे फोटो पण काढलेत मी," मी म्हणाले. "कारखान्याच्या रंगासकट."

बाबरांची गाडी तिथंच चालू होती, मंद लयीत, पन्हाळ्याचा घाट चढायला तयार. ते तिच्याजवळ गेले, थोडा वेळ तिचा आवाज ऐकत उभे राहिले, आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात उचलावा तितक्या अलगद त्यांनी किल्ली बंद केली.

"मामा," ते टेम्पोवाल्याला म्हणाले, "फळी काढलीच आहे तर राहू द्या."

मी माझीही गाडी बंद केली. एकदम शांत झालं. बाबरांची गाडी फळीवर घेताना पुढून दोघं, बाजूनं एक असे लागले, तरी ती मागं येत होती. टेम्पोवाल्याला सकाळी निघण्यापूर्वी धैर्यशीलकडून बेल्टविषयी पुष्कळ ऐकायला मिळालं होतं. त्यानं घाम पुसत इकडं तिकडं बघितलं.

"ओ बेल्टवाले साहेब," तो म्हणाला, "तुम्ही का हुबं? लावा की हात मागनं."

त्यानं लावला.